मल्लय्यानं त्याला परत पाठवलं

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर तू "हो बाई, हो बाई" म्हणतेस आणि विषय मिटवतेस. म्हणून हे पत्र.

पुण्याची नोकरी सुटली, नंतरच्या मुलाखतींतून काही हाती लागलं नाही, आणि इकडे वडिलांनी माग भंगारात काढले. तू विचारतेस, "बाई, देवाचं माझ्याकडे लक्ष आहे का? असेल तर तो काही सांगत का नाही?"

यावर लोक काय सांगतात ते मला पाठ आहे. देव विणकर आहे, आपल्याला कापडाची उलटी बाजूच दिसते, वगैरे. तू मागाच्या घरातली. सुलटी बाजू बघायची तर कापड उलटून धरायचं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या दाखल्यानं तुझं समाधान व्हायचं नाही. त्यापेक्षा आपल्या सिद्धरामाची, म्हणजे सिद्धेश्वराची, गोष्ट आठव. दर संक्रांतीला आपण त्याच्या जत्रेला, गड्ड्याला जातो, पाळण्यात बसतो, भजी खातो, पण गोष्ट बहुतेकांनी अर्धीच ऐकलेली असते.

बाराव्या शतकातलं सोन्नलगी, म्हणजे आपलं सोलापूर. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवीचा हा मुलगा गुरं राखायचा. एक दिवस शेतात एक जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त साधू, आला. त्यानं हुरडा मागितला, मग दहीभात मागितला. नाव सांगितलं मल्लय्या, गाव श्रीशैल. मुलगा दहीभात आणायला घरी पळाला आणि परत येऊन बघतो तर कुणीच नाही. तो "मल्लय्या, मल्लय्या" करत रडत सुटला, आणि श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंच्या मागे लागला. तिथे लोकांनी त्याला देवळातलं लिंग दाखवलं. हा म्हणाला, हा माझा मल्लय्या नव्हे. मग डोंगरात हाका मारत फिरला. ओ आली नाही. शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघाला, तेव्हा मल्लिकार्जुनानं, म्हणजे त्याच्या मल्लय्यानंच, त्याचा हात धरला.

सांगणारे बहुधा इथे हात जोडतात आणि गोष्ट संपवतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. इतक्या लांब रडत आलेल्या पोराला देवानं जवळ ठेवून घेतलं नाही. सोन्नलगीला परत जा म्हणाला, तिथे काम कर. मग तळं खोदलं गेलं, मंदिर उभं राहिलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं आणि अष्टविनायक बसले, गोरगरिबांची लग्नं एका मांडवात लागली. आज नंदीध्वज घेऊन लोक त्या अडुसष्ट लिंगांना जातात ते या परत पाठवण्यामुळे. त्याला मार्गदर्शन म्हणून मिळालं काय, तर जे गाव सोडून आला त्याच गावाचा पत्ता आणि खोदायला जमीन.

तू "हरून परत आले" असं लिहिलं आहेस. मी तसं म्हणणार नाही. देवानंच तुला परत पाठवलं असंही छातीठोकपणे सांगणार नाही, कारण दुसऱ्याच्या आयुष्यात देवाचा हेतू वाचणाऱ्यांची मला जरा भीतीच वाटते. एवढंच म्हणते की, परत येणं आणि वाट चुकणं यांत फरक आहे.

(कामाचंही वेड लागू शकतं बरं का. तळ्याच्या कामात सिद्धराम इतका बुडाला की शिवभक्त संत अल्लमप्रभूंनी येऊन त्याला चांगलंच टोकलं, अशी कथा आहे. पण ते तुला सांगायची वेळ अजून आलेली नाही.)

आता देव सांभाळतो का, याबद्दल. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दोन गोष्टी आहेत, आणि मला त्या नेहमी एकत्रच आठवतात. पहिली दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बेदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायला माणसं पाठवली. दामाजीपंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक माणूस दरबारात गेला आणि सगळ्या धान्याचे पैसे मोजून, पावती घेऊन आला. तो पांडुरंग होता. यात दोन गोष्टी बघ. कोठार उघडलं तेव्हा पैसे कोण भरणार हे दामाजीपंतांना माहीत नव्हतं. आणि ज्यांच्यासाठी देव धावला त्या दामाजीपंतांना त्याचं दर्शन झालंच नाही, झालं ते बादशहाला! देव आला तोही कुणाच्या रूपात, तर ज्याला त्या काळात गावानं वेशीच्या आत उभं केलं नसतं त्याच्या.

दुसरी गोष्ट चोखोबांची. विठ्ठलावर त्यांच्याएवढं प्रेम करणारा माणूस शोधावा लागेल. त्यांना आयुष्यभर देवळाच्या बाहेर ठेवलं, आणि 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. तिथे कुणी विठू आला नाही. आला तो मित्र, नामदेव. ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी वेचून त्यानं पंढरपूरला आणल्या, आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. दामाजीपंतांची गोष्ट सांगायची आणि चोखोबांची गाळायची, हा मला अप्रामाणिकपणा वाटतो. देवावर भरवसा ठेवला की भिंत पडत नाही, असं या मातीतल्या कुठल्याच संतानं सांगितलेलं नाही. भिंत पडल्यावरही माणूस एकटा सुटत नाही, एवढं मात्र मी माझ्या आयुष्यात पाहिलं आहे.

माझे वडील मिल कामगार. मिल बंद पडली तेव्हा ते कितीतरी दिवस भोंग्याच्या वेळेला उठून, अंघोळ करून, नुसते ओट्यावर बसून राहायचे. घर चाललं ते आईच्या विड्यांवर. शेजारच्या तेलुगू अम्मानं तिला पान कापायला शिकवलं, आणि तिचा हात बसेपर्यंत कमी भरणाऱ्या विड्या स्वतःच्या सुपातून घालून पूर्ण केल्या. अम्माला मराठी धड येत नव्हतं, आईला तेलुगू. वडील रोज संध्याकाळी सिद्धेश्वराला जाऊन नोकरी मागायचे. नोकरी मिळाली नाही. अम्मा मिळाली होती, पण ती देवाची म्हणून मोजायचं तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा तू आधी जरा आजूबाजूला बघ. गेल्या वर्षभरात तुझी चौकशी कुणी केली, न मागता डबा कुणी दिला, तुझ्या वडिलांजवळ काही न बोलता कोण बसून राहिलं? अशांची नावं रात्री झोपताना घे. याला हवं तर प्रार्थना म्हण.

आणि देवावर राग असेल तर तो त्याच्याच तोंडावर काढ. जनाबाई विठ्ठलाशी कडाकडा भांडायची, वेळेला शिव्याही द्यायची, तरी तिचं काही अडलं नाही. राग आलाय आणि वर गोड आरती म्हणायची, हा खोटेपणा देवाला ऐकवू नकोस. तुझ्या घरचे मार्कंडेय महामुनी असोत की सिद्धरामेश्वर, ऐकून घेण्याइतके ते मोठे आहेत.

मावशी तुला साडेसातीची शांत करायला सांगते आहे ना? नको. पडत्या काळात माणूस पैसे सैल सोडतो आणि ते घ्यायला बसलेले लोक असतात. त्या पैशात घरात महिन्याचं तेल आणि ज्वारी येईल.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. "कशातच अर्थ वाटत नाही, सगळं थांबावंसं वाटतं," असं तू मेसेजच्या शेवटी सहज लिहून गेलीस. मी ते सहज वाचलेलं नाही. तो विचार पुन्हा आला तर रात्रीचे दोन असले तरी मला उठव. मी नाही उठले तर 14416 वर फोन कर. ती टेलीमानस नावाची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलतात. डॉक्टरकडे जायचं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं तुला कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. कड्यावर हात धरायला कुणी आलं तर तो हात कुणाचा हे आपण तपासत बसू नये.

झोप आणि जेवण सांभाळ. रात्री दहानंतर आयुष्याचा कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. पाच वर्षांचा आराखडा देवाकडे मागू नकोस, तो सिद्धरामालाही मिळाला नव्हता. उद्या सकाळी काय करायचं तेवढं विचार आणि उठून ते कर. तुझ्या बाबतीत ते मला तरी दिसतं आहे. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याचे मालक हिशेबाला माणूस शोधताहेत, आणि तू "बी.कॉम. होऊन टॉवेल मोजू का" म्हणून नाही म्हणालीस. टॉवेल मोजायला दुसरे आहेत. त्यांना जीएसटी भरणारी, उधारी वसूल करण्यासाठी नीट पत्र लिहिणारी मुलगी हवी आहे. पगार पुण्याच्या मानानं कमी आहे, खोटं कशाला सांगू. कायमचं धर असंही मी म्हणत नाही. पुण्याचे अर्ज चालू राहू दे.

मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे, शब्द मात्र दिलेला नाही. सोमवारी अकराला ते भेटतील. मार्कशीट आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन ये, आणि वडिलांनाही सोबत आण. मागाचं जेवढं त्यांना कळतं तेवढं त्या कारखान्यात फार थोड्यांना कळत असेल, आणि मालकांना माग दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दलही विचारायचं मनात आहे.

तुझ्या,
बाई