वाजवणं, शिकवणं, अरेंज करणं : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी लिहिलं होतं की कार्यक्रम, क्लास आणि अरेंजमेंट (म्हणजे गाण्यात कुठल्या वाद्याने कधी काय वाजवायचं ते लिहून देणं) या तिन्हीवर पोट असणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही प्रश्न पाठवा. भरपूर आले, काही प्रश्न तीन-चार जणांनी विचारलेत ते एकत्र केलेत, आणि सगळ्यांची नावं काढून टाकलीयेत.

ताई, मी २३ वर्षांचा आहे, कीबोर्ड वाजवतो. कार्यक्रम सगळे महिने सारखे नसतात म्हणून आता क्लास घ्यायचा विचार आहे, पण माझ्यासोबत वाजवणारे म्हणतात की एकदा शिकवायला लागलास की वादक म्हणून संपलास. खरं आहे का?

नाही. हे वाक्य मीही तुझ्या वयात ऐकलंय आणि त्यामुळे दोन-तीन वर्षं उगाच घाबरून काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण ज्यांना फक्त मोठे रचनाकार म्हणून ओळखतो ना, त्यातल्या कितीतरी जणांची नोकरी शिकवण्याची होती. इटालियन रचनाकार विवाल्डी १७०३ मध्ये व्हेनिसमधल्या अनाथ मुलींच्या संस्थेत व्हायोलिन शिक्षक म्हणून लागला, आणि त्याच्या कितीतरी रचना तिथल्या मुलींना वाजवायला म्हणून लिहिलेल्या आहेत. समोर रोज बसणाऱ्या विद्यार्थिनीचा हात कुठपर्यंत पोचतो हे त्याला माहीत होतं. जर्मन रचनाकार बाख १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत जर्मनीतल्या लाइपझिगला होता, तिथे शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं, चर्चसाठी संगीत लिहायचं आणि तेच बसवून सादर करायचं, असं सगळं एकाच माणसाच्या अंगावर होतं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तरुणपणी या बाखने विवाल्डीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंची (एक मुख्य वाद्य आणि सोबत वाद्यवृंद अशा रचना) ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) अरेंजमेंट केली होती, म्हणजे दुसऱ्याचं संगीत आपल्या वाद्यावर उतरवता उतरवता तो शिकला. आपल्याकडे अँथनी गोन्साल्विस बघ, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे, अरेंजमेंट लिहायचे, आणि व्हायोलिन शिकवायचेही, संगीतकार प्यारेलाल त्यांचेच शिष्य. यांतलं कोण कधी संपलं?

आता माझं सांगते. मी व्हायोलिन वाजवते. एका नऊ वर्षांच्या मुलीला पोझिशन बदलायला, म्हणजे डावा हात तारांवर वर-खाली सरकवायला, शिकवत होते आणि ती सारखी अडकत होती, म्हणून तिचा अंगठा बघितला तर तो व्हायोलिनच्या मानेला घट्ट चिकटलेला, आणि तिला "सैल सोड" म्हणता म्हणता मला जाणवलं की जलद पॅसेज आला की माझाही अंगठा अस्साच आवळला जातो. पंधरा वर्षं वाजवत होते आणि ते दिसलं नव्हतं. मग दोन महिने मी तिच्यासोबत तोच धडा केला, तिला अर्थात सांगितलं नाही. आज माझे वरचे सूर जे स्वच्छ लागतात त्याचं श्रेय त्या मुलीला आहे.

शिकवताना तुला प्रत्येक गोष्ट शब्दात सांगावी लागते, आणि शब्दात सांगता आली नाही की समजायचं इथे आपण नुसत्या सवयीवर चाललोय. धोका वेगळा आहे, तो म्हणजे दिवसाला आठ-आठ विद्यार्थी घेऊन स्वतःचं वाद्य न उघडणं. मी पहिला विद्यार्थी यायच्या आधी पाऊण तास स्वतःचा ठेवते आणि तो कुणालाही देत नाही, तूही तसं ठरव आणि मग बिनधास्त सुरू कर.

मी एका हौशी ग्रुपसाठी अरेंजमेंट करतो. दोन व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस, ड्रम आणि गायिका. घरी कीबोर्डवर ऐकलं की मस्त वाटतं आणि ग्रुपने वाजवलं की नुसता चिखल होतो. नक्की कुठे चुकतंय?

तुमचं स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं पान) बघितलेलं नाही, पण "चिखल" हा शब्द वाचूनच तीन जागा डोळ्यासमोर आल्या.

पहिली जागा खाली. कीबोर्डवर डाव्या हाताने सा-ग-प खर्जात जवळजवळ दाबले तरी आपल्याला ते चालून जातं कारण आवाज एकच आहे आणि आपण हळूच दाबतो, पण तेच बेस, कीबोर्डचा डावा हात आणि सॅक्सचे खालचे सूर यांनी एकत्र धरलं की गुरगुर ऐकू येते. एकाच सुरात जे वरचे सूर दडलेले असतात त्यांचा क्रम बघा, मूळ सुराच्या वर आधी पूर्ण सप्तकाचं अंतर, मग पंचमाचं, मग मध्यमाचं, मग गंधाराचं, म्हणजे तळाशी मोकळं आणि वर जाताना दाट. कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे सूर) तसाच मांडा. तळाला बेस एकटा ठेवा, कीबोर्डवाल्याला डावा हात उचलायला सांगा (ते ऐकत नाहीत, परत परत सांगावं लागतं), आणि गंधार वरच्या कुणालातरी द्या.

दुसरी जागा मध्ये. गायिका ज्या पट्ट्यात गातेय त्याच पट्ट्यात दोन्ही व्हायोलिन, सॅक्स आणि कीबोर्डचा उजवा हात बसवला असणार. ती गातेय तोपर्यंत त्या भागात कमीत कमी हालचाल ठेवा, लांब सूर द्या किंवा चक्क गप्प बसवा, आणि तिने सूर धरून ठेवला किंवा श्वास घेतला की मग बासरीला बोलू द्या. चार मिनिटांचं गाणं, चार मात्रांचा बार, मिनिटाला १२० मात्रांचा टेम्पो धरला तर १२० बार होतात, आणि तुमच्या आठ वाद्यांचे मिळून ९६० बार. नवीन माणूस ते ९६० च्या ९६० भरायला बघतो. मी पण बघायचे. आता कागद तयार झाला की एक संध्याकाळ मी फक्त खोडायला ठेवते.

तिसरी जागा माणसांची. कीबोर्डला श्वास लागत नाही, ट्रम्पेटवाल्याला लागतो आणि त्याचे ओठही थकतात, त्याला सलग वीस बार वरचे सूर दिले की एकविसाव्या बारला तो सूर येणार नाही आणि आपण म्हणणार याची तयारी नाही. आणि पार्ट (एकेका वादकाचा वेगळा कागद) लिहिताना पट्टी बदललीत ना? साधा ट्रम्पेट कागदावरची पांढरी एक (कीबोर्डवरचा C) वाजवतो तेव्हा कानाला काळी पाच (B फ्लॅट) ऐकू येते, म्हणून त्याचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहायचा. आल्टो सॅक्सची पांढरी एक म्हणजे ऐकू येणारी काळी दोन, तीही खालची, म्हणून तिथे सा ते शुद्ध ध एवढं वर लिहायचं. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर खालच्या सप्तकातली पांढरी पाच, त्याच्या खाली ते वाद्य जातच नाही, आणि कॉम्प्युटर मात्र बिनतक्रार वाजवून दाखवतो, तिथे फसू नका.

अजून एक बारीक गोष्ट, पण तालमीतला अर्धा तास वाचतो. पान उलटायची जागा अशी ठेवा की तिथे वादकाला दोन-तीन बार विश्रांती असेल. मी स्वतः मागच्या रांगेत बसून खराब लिहिलेले पार्ट वाजवलेत, एका हाताने पान पकडून दुसऱ्या हातातल्या बोने (गजाने) सूर धरायचा प्रयत्न केलाय, त्यामुळे हे मला फार मनापासून वाटतं. शक्य असेल तर तुम्हीही महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये नुसता वादक म्हणून जाऊन बसा, अरेंजमेंटचं निम्मं शिक्षण त्या खुर्चीत होतं.

माझ्या मुलाचे सर कार्यक्रम आला की क्लास रद्द करतात, कधी कधी त्याच दिवशी सकाळी कळवतात. सर वाजवतात खूप सुंदर, मुलालाही ते आवडतात. बोलू का नको?

बोला ना, नक्की बोला. सर वाजवतात म्हणूनच मुलाला ते आवडतात, त्यामुळे कार्यक्रम करू नका असं म्हणायचं नाहीये, पण बहुतेक तारखा आधी माहीत असतात आणि महिन्याच्या सुरुवातीला त्या सांगता येतात. अचानक आलेल्या कामासाठी बुडलेला क्लास कधी भरून देणार हे ठरवून घ्या. मी स्वतः काही वर्षं असंच वागत होते आणि एका पालकांनी शांतपणे सांगितलं की मुलगी वाद्य काढून, ट्यून करून दाराकडे बघत बसते. त्यानंतर मी तारखांची आणि बुडलेल्या क्लासची वहीच केली. सरांनाही कुणीतरी सांगायला हवंय, आणि तुम्ही ते आदराने सांगाल हे तुमच्या पत्रातूनच दिसतंय.

स्टेजवर माझ्यामागेच ड्रम असतो. कार्यक्रमानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते, सकाळी जाते. काळजी करण्यासारखं आहे का?

हो. सकाळी जाते म्हणून सोडून देऊ नकोस प्लीज. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरला जाणारा एक हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. ड्रमच्या पुढ्यात १०० सहज होतात आणि आपण तिथे दोन-तीन तास असतो, वर तालीम आणि साउंडचेक वेगळेच. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऐकण्याची टेस्ट करून घे आणि मी वादक आहे हे सांग. वादकांसाठीचे इअरप्लग वेगळे मिळतात, ते खालचे-वरचे सूर साधारण सारखेच कमी करतात, साध्या फोमच्या प्लगने वरचे सूर जास्त मरतात आणि मग आपण जोरात वाजवायला लागतो. पहिले चार-पाच कार्यक्रम विचित्र वाटेल, आधी तालमीत घालून सवय कर. ड्रमरशी पण बोल, त्याचे कान तर झांजांच्या अजून जवळ आहेत. आणि जागा दोन पावलं बाजूला सरकवता आली तर सरकवच.

मोठ्या स्टेजवर मी मागच्या टोकाला असते आणि सगळे म्हणतात तू मागे पडतेस. मला तर बरोबर वाटतं.

दोन्ही खरं असू शकतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ड्रम १० मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुला जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तू त्याला धरून वाजवलंस की तुझा सूर पुढे जायला परत तेवढाच वेळ. कान सोडून डोळ्याने लय पकड, ड्रमरचा हात किंवा कंडक्टर असेल तर त्याचा हात. नाहीतर साउंडवाल्याला सांगून ड्रम तुझ्या मॉनिटरमध्ये (स्टेजवर वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) घे.

पाच मिनिटंच वाजवायचंय, मग एवढे पैसे कशाचे, असं विचारतात तेव्हा काय बोलायचं? आणि अरेंजमेंटचे पैसे कसे मोजायचे?

वाद घालू नका, तास सांगा. पार्ट बसवणं, तालीम, प्रवास, साउंडचेक, थांबून राहणं, मग ती पाच मिनिटं, मग परतीचा प्रवास. एकदा माझा सगळा दिवस मी कागदावर लिहून दाखवला तर समोरच्यांनी खरंच मान्य केलं, त्यांना माहीतच नव्हतं. फुकट वाजवायला माझी हरकत नाही, पण ते मी ठरवणार, कुणी माझ्यावतीने ठरवलेलं चालत नाही. आणि होकार देण्याआधी तारीख, किती वेळ वाजवायचं, साउंड कुणाचा, आगाऊ किती, रद्द झालं तर किती, एवढं मेसेजवर का होईना लिहून घ्या. ओळखीत तर जास्तच, कारण ओळखीत मागायला लाज वाटते.

अरेंजमेंटमध्ये मी किती मिनिटं आणि किती वाद्यं यावर आकडा काढते, प्रत्येकाचे पार्ट वेगळे काढून देण्याचे पैसे वेगळे, आणि दोन वेळा बदल करून देते, तिसऱ्यापासून परत पैसे. हे आधी बोललं नाही तर "पट्टी जरा खाली घेऊ या का" असा फोन तालमीच्या आदल्या रात्री येतो. दुसऱ्याच्या रचनेवर काम करत असाल आणि ती अजून कॉपीराइटमध्ये असेल तर परवानगी कोण घेणार हेही त्याच मेसेजमध्ये लिहा.

तिन्ही कामं झाल्यावर अंगात काहीच उरत नाही, अशा दिवशी रियाज कसा करायचा?

अशा दिवशी मी व्हायोलिन ट्यून करते, बो लावते आणि चारही मोकळ्या तारांवर प्रत्येकी दहा लांब बो ओढते, आठ मात्रा जाताना आणि आठ येताना, डावा हात लावतच नाही. नऊ-दहा मिनिटं लागतात. कधी कधी त्यानंतर अजून तासभर वाजवलं जातं, बऱ्याचदा नाही, मग पुसून पेटीत ठेवते आणि झोपते.