पाचवी तार

नागपुरात वीजतारांजवळची झाडं छाटणाऱ्या गँगमध्ये माझी एकतीस वर्षं गेली. हेल्पर म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो. मागच्या अंकात पावसाळ्याआधीच्या छाटणीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्याचं उत्तर मला स्वतःला फार उशिरा सापडलं.

प्रश्न : काका, मी 27 वर्षांचा आहे. वाडीकडच्या एका ठेकेदाराकडे सात माणसांच्या गँगचा सुपरवायझर आहे. रोज सकाळी सुरक्षेचा छापील कागद वाचून दाखवतो, सगळे सही करतात, ऐकत कोणीच नाही. आमचा सर्वांत जुना चढणारा पन्नाशीचा आहे. पट्टा लावा म्हटलं की म्हणतो, ‘छोटे, तू शाळेत जाऊन राहिला होता तेव्हापासून मी झाडावर चढून राहिलो.’ बाकीचे हसतात. वरून ठेकेदाराला रोज आठ गाळे (दोन खांबांमधली लाईन म्हणजे एक गाळा) छाटून हवेत. मी काय करू?

उत्तर : बेटा, तो कागद वाचणं आधी थांबव. सही लागत असेल तर घे, पण वाचू नकोस. सगळ्यांना झाडाखाली उभं कर आणि वर बघायला लाव. मग एकेकाला विचार. तारा किती? कोणती कुठून येते? पहिली फांदी कोणती, ती पडणार कुठे? दोर कोणाच्या हातात? वरच्या माणसाला काही झालं तर त्याला खाली कोण आणणार, आणि कसं? सुरुवात सगळ्यात नव्या पोरापासून कर. जुने एकदा बोलले की तो तोंड उघडत नाही. याला सात-आठ मिनिटं लागतात.

अमेरिकेत वीजतारांजवळच्या झाडकामाला वेगळे सरकारी नियम आहेत. काम सुरू करण्याआधी गँगशी बोलणं तिथे बंधनकारक आहे आणि पाच गोष्टी त्यात याव्याच लागतात: धोके, कामाची पद्धत, विशेष खबरदारी, वीज कुठून येते व ती कशी रोखली, आणि अंगावरची साधनं. त्यातलाच आणखी एक नियम आहे. 750 व्होल्टच्या वरच्या चालू तारेजवळ 3.05 मीटरच्या आत कोणाला जायचं असेल, तर तेच काम शिकलेला दुसरा माणूस साधं बोललेलं ऐकू येईल इतक्या जवळ असला पाहिजे. तारेपासूनचं अंतर मीटरमध्ये दिलंय, पण माणसापासूनचं अंतर आवाजात दिलंय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. का, ते सांगतो.

1998 चा मे महिना होता. काटोल रोडच्या बाजूची एक वस्ती, रस्त्याकडेला गुलमोहर. लाईन बंद करण्याचं परमिट सकाळी आठला मिळायचं ते मिळालं बाराला. उन्हाने खांबाला हात लावता येत नव्हता. खांबावर खालच्या बाजूला लघुदाबाच्या, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या लाईनच्या, पाच तारा होत्या: तीन फेज, एक न्यूट्रल आणि पाचवी रस्त्यावरच्या दिव्यांची. आम्ही टेस्टर लावला, त्याने सगळ्या मेलेल्या, म्हणजे वीज नसलेल्या, दाखवल्या. चार तारा शॉर्ट करून अर्थ केल्या, म्हणजे एकमेकींना जोडून जमिनीला जोडल्या. पाचवी सोडली. दिवे दिवसा बंदच असतात, तेव्हा टेस्टरवर ती मेलेलीच दिसणार. ती येत होती पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, आणि तो चालू होता.

गँगमध्ये एकोणीस वर्षांचा एक पोरगा नवा होता. काम सुरू करताना त्याने मला विचारलं, ‘भाऊ, ही खालची पाचवी तार कायची आहे?’ बारा वाजून गेले होते, डोकं तापलेलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘तुले फांद्या ओढाले आणलं आहे, प्रश्न विचाराले नाही.’ सगळे हसले. मीही हसलो.

काम लांबत गेलं. सात वाजायला आले, अंधारून यायला लागलं, दोन फांद्या राहिल्या होत्या. त्या पोराला चौकातला दिवा लागलेला दिसला. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्याने मला नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. तेवढ्या वेळात वरच्या माणसाने तारेवर टेकलेली फांदी उचलायला हात घातला. हात तारेला चिकटला. आमच्या लाईनमनने धावत जाऊन दिव्यांच्या पेटीतला फ्यूज उपसला, तेव्हा तो सुटला आणि पट्ट्यावर लोंबकळला. पट्टा नसता तर वीस फुटांवरून खाली आला असता. जगला तो. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा कधी पूर्ण मिटली नाहीत.

चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, ‘दिव्यांची तार अर्थ केली नव्हती.’ ते खरंच होतं. माझं बारा वाजताचं वाक्य कुठल्याच कागदावर आलं नाही. आठ दिवसांनी गँग पुन्हा कामावर आली, तेव्हा त्या पोराला शेजारी उभं करून ते वाक्य मीच सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे एक ठरलं: कोणीही, अगदी फांद्या ओढणाराही, ‘थांबा’ म्हणाला की आधी हत्यार थांबेल, मग कारण विचारायचं. चेनसॉच्या आवाजात हाक पोहोचत नाही, म्हणून खालच्या प्रत्येकाच्या गळ्यात शिटी. पुढच्या वर्षांत कितीतरी वेळा उगाच थांबलो. कधी अडकलेला मांजा असायचा, कधी कावळ्याचं घरटं, कधी नुसती सावली. दरवेळी थांबवणाऱ्याला मी ‘बरं केलंस’ म्हणायचो. एकदा जरी वैतागलो असतो, तर पुढची शिटी वाजली नसती.

म्हणून तुला सांगतो, तुझ्या गँगला ‘छोटे’ म्हणून हसता येतं याची चिंता करू नकोस. तुझ्या गँगमधला सगळ्यात लहान पोरगा तुझ्या पन्नाशीच्या माणसाला थांबवू शकतो का, ते बघ. त्या माणसाशी चारचौघांत वाद घालू नकोस. संध्याकाळी चहावर एकट्याला घे. त्याला सांग, उद्यापासून सगळ्यांचे दोर आणि पट्टे तुम्ही तपासायचे, झिजलेला दोर तुम्ही कापून टाकायचा. शिलाई उसवलेला पट्टा हातात धरून तरण्या पोराला रागावणारा माणूस स्वतः बिनपट्ट्याचा चढत नाही, असं मी दोनदा बघितलंय. नाहीच ऐकलं तर त्याला त्या दिवशी वर पाठवायचं नाही. रोजी कापायची नाही, खाली काम द्यायचं. आणि झाडाखाली तुझं स्वतःचं हेल्मेट पाच मिनिटंसुद्धा डिक्कीत राहता कामा नये. लोक तुझं बोलणं नाही, तुझी डिक्की बघतात.

आठ गाळ्यांचं म्हणशील तर ठेकेदाराशी तोंडी भांडू नकोस. रोज वहीत लिही: परमिट किती वाजता मिळालं, काम किती वाजता सुरू झालं, किती झाले, का राहिले. पंधरा दिवसांची वही त्याच्यासमोर ठेव. उशीर परमिटमध्ये होतो, माणसांमध्ये नाही, हे त्याला आकड्यात दिसेल. आणि मेच्या उन्हात चढायचं काम सकाळी सहा ते अकरा. आपल्या नागपूरने 2013 च्या मेमध्ये 47.9 अंश बघितलेत. त्या उन्हात माणसाची पकड आधी सुटते आणि भान नंतर, त्याला स्वतःला काहीच कळत नाही.

प्रश्न : प्रतापनगरला राहते. छाटणीसाठी नऊला लाईट बंद केले आणि पावणेदहापर्यंत माणसं नुसती उभी. मग आमचा कडुनिंब एकाच बाजूने कापून गेले. वेळेवर काम का करत नाहीत?

उत्तर : ताई, तुमच्या घरातली वीज गेली म्हणजे तार सुरक्षित झाली, असं नसतं. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, एबी स्विच, म्हणजे लाईन तोडणारा खांबावरचा स्विच, उघडायचा, त्याची तिन्ही पाती सुटलेली डोळ्यांनी बघायची, कुलूप लावायचं, पाटी टांगायची. मग टेस्टर, मग तारेत उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग. ती पाऊण तास उभी दिसलेली माणसं बहुतेक याचीच वाट बघत होती. ती उभी होती हे मला चांगलं वाटलं.

आणखी एक काळजी असते, ती तुमच्याच गल्लीची. कोणी जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (हा स्विच घराला एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकालाच जोडतो) थेट घराच्या वायरिंगला जोडला असेल, तर त्याची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि तिकडून 11 हजार व्होल्ट होऊन बाहेर पडू शकते. तुमच्याकडे किंवा शेजारी तसा जनरेटर असेल तर गँग आली की आपण होऊन सांगा.

कडुनिंब एका बाजूने कापला कारण तार त्या बाजूला आहे. शेंडा सपाट छाटला असता तर दिसायला बरं वाटलं असतं, पण कापल्या जागेवरून कमकुवत धुमारे भराभर फुटून दोन वर्षांत पुन्हा तारेला भिडले असते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या लगेच बाहेर कापायचं. जखम तिथून नीट भरते. तुमच्याकडे तसं न कापता मध्येच खुंट सोडले असतील, तर मात्र तक्रार करा, ती रास्त आहे.

एक विनंती. ‘आलेच आहात तर ही फांदी पण घ्या’ असं वर चढलेल्या माणसाला सांगू नका. ती फांदी सकाळच्या बोलण्यात नव्हती, तिच्याखाली कोण उभं आहे हे कोणी बघितलेलं नसतं. आवारातल्या झाडाची वेगळी छाटणी हवी असेल तर महापालिकेकडे अर्ज करा. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे.

प्रश्न : उमरेड रोडच्या गँगमध्ये हेल्पर आहे. मागच्या आठवड्यात वरून सुटलेली फांदी माझ्या हेल्मेटला घासून खांद्याजवळून गेली. लागलं नाही. मुकादम म्हणाले, ‘कोणाले सांगू नको, सगळ्यांचं काम जाईल.’ झोप लागत नाही. सांगू का?

उत्तर : भाऊ, सांगा. पण सुरुवात ऑफिसपासून करू नका, वर जो होता त्याच्यापासून करा. त्याचीही झोप गेलेली असणार. दोघं मिळून मुकादमाकडे जा आणि त्यांना त्या झाडाखाली घेऊन चला. ‘चूक कोणाची’ यावर बोलणं गेलं तर ते बंद होईल. तुम्ही कुठे होता, दोर कुठे होता, वरून काय दिसत होतं, तेवढंच दाखवा. तरीही ते गप्प बसा म्हणाले तर मग सुपरवायझरला तारीख-वार घालून लेखी द्या आणि एक प्रत जवळ ठेवा.

मुकादमांना वाटणारी भीती खोटी नाही, हे मी जाणतो. फांदी घासून गेल्याचं सांगितलं म्हणून घरी बसवलेली माणसं मी बघितली आहेत. हे वाचणाऱ्या सुपरवायझरांना माझं हात जोडून सांगणं आहे, असा माणूस आला तर पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच असू द्या. दुसरं काय म्हणायचं ते त्याचं ऐकल्यावर ठरवा.

उद्या सकाळीच करता येईल असं एक सांगतो. फांदी पडण्याच्या जागेभोवती जमिनीवर दोर टाका. त्या दोराच्या आत वरच्याला विचारल्याशिवाय कोणी जायचं नाही. वरच्याने शेवटचा घाव घालण्याआधी ओरडायचं, ‘सोडू?’ खालून ‘सोड!’ आल्याशिवाय फांदी सुटणार नाही. उत्तर एकानेच द्यायचं, आणि तो कोण हे सकाळी ठरलेलं असावं. पहिले दोन दिवस लाज वाटते, मग सवय होते. तुमचे मुकादम तयार असतील तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, सहाला मी उमरेड रोडला येतो. पहिल्या झाडाला ‘सोड’ मी म्हणेन, दुसऱ्याला तुम्ही.