मुलाच्या सॅकमध्ये पुडी

प्रश्न : मुलाच्या सॅकमध्ये गांजा सापडला. तो म्हणतो, "भांग चालते, कॅनडात हेही चालतं." पोलीस केस झाली तर? – एक आई, कोथरूड

उत्तर : कॅनडाचा २०१८चा कायदा कोथरूडला लागू नाही. आपल्या १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग वेगळी. पुडी १ किलोच्या आतली असली तरी वर्षभरापर्यंत कैद, १०,०००पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्यसन जडलेला स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर कलम ६४अ खटल्यापासून वाचवतं. उपचार अर्धवट सोडले की ते कवच जाऊ शकतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून आहे. आणि घरात 'गंजेडी' हा शब्द नको, त्यानं मुलं लपवायला शिकतात. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झोप उडते, चिडचिड वाढते; पुन्हा ओढण्याची भीती तेव्हाच जास्त.