खाडीकाठच्या सरकारी भूखंडाची अधिकृत मोजणी झाली असेल, तरी तिथे बांधकामासाठी वेगळी पर्यावरण परवानगी लागते का?

होय, लागू शकते. नगर भूमापनाची मोजणी जमिनीची हद्द आणि क्षेत्रफळ ठरवते, तर मिळकत पत्रिकेवर (शहरी जमिनीचा सरकारी उतारा) धारकाचे नाव व सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे तो प्रकार, नोंदलेला असतो. त्या जमिनीवर कांदळवन (खारफुटी) आहे की नाही, भरतीचे पाणी कुठवर येते, याचा निर्णय मोजणीच्या नकाशावरून होत नाही. मुंबईत नेमकी इथेच गफलत होते आणि तिची किंमत खाडीला मोजावी लागते, म्हणून हा मुद्दा जरा विस्ताराने सांगतो.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. प्रकल्प त्याहून लहान असला, तरी सागरी किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड, म्हणजे समुद्र व खाडीकाठचा नियंत्रित पट्टा) नियम सुटत नाहीत, आणि तिथे मोजणीच्या नकाशाबरोबरच मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यावरील भरतीरेषा पाहावी लागते. शिवाय सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड करण्यास आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामास मनाई केली. जमीन सरकारी असो वा खासगी, हे संरक्षण लागू आहे.

सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर 'खार जमीन' किंवा 'पडीक' अशी नोंद दिसली, तर जागा मोकळी आहे असे कृपया समजू नका. प्रथम नगर भूमापन क्रमांक मिळवा आणि तो आराखड्याशी व कांदळवनांच्या नकाशाशी ताडून पाहा.