घर सगळ्यांना आवडतं, मग विकलं का जात नाही?

गावाकडच्या, जरा वेगळ्या घरांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत. मी मालमत्तांचं मूल्यांकन करतो, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूनं दिली आहेत.

प्रश्न : गुहागरजवळ वडिलांच्या आगरात आम्ही २०११ साली जांभ्याचं घर बांधलं. मधे चौक, वर मंगलोरी कौलं, पाच पायऱ्या उतरून अभ्यासिका. जागा बिगरशेती, कागदपत्रं चोख. घर दोन वर्षं विकायला काढलंय. लोक येतात, कौतुक करतात, फोटो काढतात, पण पुन्हा फोन करत नाहीत. कुठं चुकतंय?

घर चुकलेलं नाही. जमीन, बांधकाम, आर्किटेक्टची फी, सागवानी दारं असं सगळं जोडून तुम्ही १ कोटी २० लाख मागताय. हा झाला तुमचा खर्च. आम्ही जमीन वेगळी धरतो, बांधकामावर वयाप्रमाणे घसारा लावतो, म्हणजे जुनेपणाची घट धरतो, आणि आसपास तशी घरं कितीला गेली ते पाहतो. पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला असे व्यवहार डझनानं सापडतात. तुमच्यासारखं घर पंचक्रोशीत दुसरं नाही, म्हणून तुलनेला व्यवहारच नाही. मग मूल्यांकन करणारा हात आखडता घेतो आणि बँक त्याच्या आकड्यापुढे जात नाही.

समजा, बँकेनं किंमत ८० लाख धरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँकेला त्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. म्हणजे ६४ लाख. उरलेले ५६ लाख घेणाऱ्यानं पदरचे घालायचे, त्यावर मुद्रांक शुल्क वेगळं. फोन का येत नाही याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं पावसात आहे. गिऱ्हाईक येतं दिवाळीनंतर, स्वच्छ उन्हात. पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जांभा पाणी पितो, हे त्यानं ऐकलेलं असतं. कौलं कोण परतणार, वाळवीला औषध कधी मारलं, मे महिन्यात विहिरीला पाणी किती, हे तुमच्या तोंडावर विचारायला तो संकोचतो. घरी परतताना गाडीत मात्र याचीच चर्चा होते. म्हणून एक वही करा. तीन वर्षांचा डागडुजीचा खर्च, कौलं परतणाऱ्या गड्याचा फोन, विहिरीतल्या पाण्याची महिनावार नोंद, सगळं त्यात लिहा आणि वही आल्या माणसाच्या हातात द्या. मी तर म्हणेन, घर जुलैत दाखवा. भर पावसात कोरडी ओटी पाहिलेला माणूस नंतर बिचकत नाही.

जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहू नका. चिपळूणचं इस्पितळ गाडीनं किती वेळावर आहे, इंटरनेट कुणाचं चालतं, बंद घरावर लक्ष कोण ठेवतं, हे लिहा. तुम्हाला शंभर बघे नकोत. असं घर मनापासून हवं असणारा एकच माणूस हवा आहे आणि तो हेच वाचतो.

प्रश्न : मुळशीत ११ गुंठे शेतजमिनीवर आमचं फार्महाउस आहे. दोन व्यवहार ठरून मोडले. एकाला बँकेनं कर्ज नाकारलं, दुसरा शेतकरी नव्हता.

तुमचं घर अजून विक्रीला तयारच नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. म्हणजे शहरातलं बहुतेक गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी बाद. बिगरशेती परवानगी मिळते का, ११ गुंठ्यांचा सातबारा स्वतंत्र आहे की सामाईक, त्यातल्या ‘इतर हक्कां’च्या रकान्यात कुणाचं नाव आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. तुकडेबंदीचे, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देण्याचे नियम अलीकडे बदलले आहेत, तेही विचारा. मोजणी करून हद्दी कायम करा. रस्ता शेजाऱ्याच्या बांधावरून असेल तर तो कागदावर आणा. तोंडी वहिवाटीवर कुणी लाखो रुपये टाकत नाही आणि टाकूही नयेत.

प्रश्न : वाईजवळच्या गावात आजोबांचा वाडा आहे. आम्ही सहा चुलत भावंडं, एक अमेरिकेत. सगळे विकायला तयार आहेत, तरी गिऱ्हाईक मागे सरतं.

‘भावंडं’ म्हणताना आत्या, बहिणी धरल्यात ना? वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. एक सही राहिली तरी घेणाऱ्याचा वकील त्याला थांबवतो आणि ते बरोबरच आहे. वारसनोंदी पुऱ्या करा. वाडा गावठाणात असेल तर स्वामित्व या गावठाणातल्या घरांच्या मोजणीच्या सरकारी योजनेतून मालमत्ता पत्रक तयार झालंय का ते भूमी अभिलेख कार्यालयात पाहा. बँका नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीच्या उताऱ्यावर, सहसा कर्ज देत नाहीत. अमेरिकेतल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ती मुदत चुकवू नका. आणि एकीनं किंवा एकानंच बोलणी करा. सहा जण सहा किंमती सांगतात, तेव्हा सर्वांत खालचा आकडा गावभर होतो.

प्रश्न : आजऱ्याजवळ आमचं मातीच्या भिंतींचं घर आहे. एजंट म्हणतो, सिमेंटचा गिलावा करून पांढरा रंग द्या, लगेच जाईल.

अजिबात करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट आलं की ओल आत कोंडते, गिलावा फुगतो आणि मागची माती भुसभुशीत होते. ज्या एका गोष्टीसाठी कुणी आजऱ्यापर्यंत येईल तीही जाते. गिलावा करायचाच तर चुन्याचा. बाकीचे पैसे न्हाणीघर, वायरिंग आणि भिंतीच्या पायथ्याला छपराचं पाणी लागू न देणाऱ्या पन्हळीवर घाला, आणि हे काम पावसाच्या आधी उरका.