विकत घेतलेला गेम इंटरनेटशिवाय चालेल का?

प्रश्न : इंटरनेट नसलं की मी पैसे देऊन घेतलेला गेम सुरूच होत नाही. असं बंधन नसलेले गेम कुठे मिळतात?

उत्तर : तुमची चीड रास्त आहे. पैसे मोजल्यावर दर वेळी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी का मागायची? मी आधी जीओजीवर शोधतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेलं हे ऑनलाइन दुकान. ‘द विचर ३’सारखा मोठा गेमही २०१५ मध्ये तिथे कॉपी-संरक्षणाशिवाय, म्हणजे दर वेळी परवानगी तपासणाऱ्या कुलपाशिवाय आला. छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांचे गेम इच.आयओ या संकेतस्थळावर पाहा. तिथेही बहुधा असं कुलूप नसतं, म्हणून त्यांच्या फाइल्स मात्र फुकट वाटू नका, ही माझी कळकळीची विनंती. अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचं तर सर्व्हर बहुधा लागतोच. खरेदी झाली की ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ (इंटरनेटशिवाय गेम बसवणारी फाइल) लगेच उतरवून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. गेम नुसता खात्यात ठेवला आणि उद्या दुकानच बंद पडलं, तर हाती काही उरणार नाही.