दिव्यांग आरक्षणातून लिपिक झालो आहे. रुजू होतानाच हलके काम मागावे का?

अल्पदृष्टी असल्याने लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू होतानाच हलके काम मागावे का आणि कार्यालयात काम शिकवतात का, असे तुम्ही विचारले आहे. हलके काम मुळीच मागू नका. मी ते मागितले नव्हते, तरी मला मिळाले, आणि त्यात माझी सहा वर्षे गेली.

मी याच प्रवर्गातून महसूल खात्यात लागले. पहिल्या वर्षी माझ्याकडे बिनशेती परवानगीचे संकलन, म्हणजे त्या विषयाची प्रकरणे हाताळण्याचे टेबल, होते. कागद नाकापासून चार बोटांवर धरून भिंग लावले की छापील मजकूर मला नीट वाचता येतो. अडचण होती ती साहेबांच्या शेऱ्यांची, कारण ते पेन्सिलीने, समासात तिरके लिहीत. एका संचिकेवर त्यांनी ‘चर्चा करावी’ असे लिहिले होते. ती पुसट अक्षरे मला दिसलीच नाहीत, संचिका तीन आठवडे माझ्या गठ्ठ्यात पडून राहिली, अर्जदाराने वर तक्रार केली आणि खुलासा साहेबांना द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी माझे संकलन काढून मला आवक-जावक दिले गेले. “तुमच्या डोळ्यांना त्रास नको,” असे ते म्हणाले, आणि ते रागाने म्हणाले नाहीत, हेच मला आजही अधिक लागते. वास्तविक आवक-जावक म्हणजे गावोगावच्या अर्जांवरची हस्ताक्षरे दिवसभर लावून नोंदवहीच्या अरुंद रकान्यांत भरणे. डोळ्यांना त्याहून जड काम त्या कार्यालयात दुसरे नव्हते. शेरा काळ्या शाईने लिहावा, एवढीच माझी गरज होती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार शासकीय कार्यालयाने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवायच्या असतात. दहा रुपयांचे पेन त्यात नक्कीच बसले असते.

शिकण्याबद्दल म्हणाल, तर प्रशिक्षणे होतात, पण टिपणी लिहिणे संकलनावर बसल्याशिवाय येत नाही. मी विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा जमीन महसूल संहितेची कलमे मला पाठ होती आणि सुरुवातीपासून अंतिम आदेशापर्यंत नेलेले एकही प्रकरण माझ्या नावावर नव्हते. पुढे एका अव्वल कारकून बाईंनी कार्यालय सुटल्यावर जुन्या संचिका उघडून, कोणत्या पत्रामुळे कोणती टिपणी लिहावी लागली, हे मला समजावले. ते त्यांचे कामही नव्हते. दिव्यांगांसाठी 4 टक्के जागा राखीव आहेत, त्यांतला 1 टक्का अंधत्व व अल्पदृष्टीसाठी आहे. परंतु जागा भरली की समावेशन झाले, असे मानणाऱ्या वरिष्ठांशी माझे आजही पटत नाही.

हे सारे अल्पदृष्टीच्या अनुभवावरून लिहिले आहे. पूर्ण अंधत्व असेल तर अडचण निराळी असते, कारण स्कॅन करून चढवलेली परिपत्रके स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीला, बहुधा वाचता येत नाहीत. डोळ्यांवर उपचार चालू असतील तर काही महिने काम कमी करून घेण्यातही गैर नाही. मात्र तसे तोंडी ठरवू नका. कोणती सोय हवी आणि संकलन मात्र नियमित हवे, असा लेखी अर्ज द्या व त्याची पोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज आला होता हे नंतर कोणी कबूल करीत नाही, हे त्या टेबलावर सहा वर्षे बसल्यामुळे मला चांगले ठाऊक आहे.